थकवा : आळसाचा आरोप आणि रक्ताची साक्ष

मराठीत थकव्यासाठी शब्दांची वाण नाही. शीण, मरगळ, ग्लानी, गळाठा, अशक्तपणा, अंग मोडून येणे, हातापायांतले त्राण जाणे. प्रत्येकाची छटा वेगळी. शीण प्रवासाचा, कामाचा. तो एका रात्रीच्या झोपेने उतरतो. ग्लानी तापातली. मरगळ शरीराची आणि मनाचीही. या शब्दांच्या शेजारीच, अगदी खेटून, आणखी एक शब्द बसलेला आहे : आळस. पहिले सगळे शब्द दुखणे सांगतात, हा शेवटचा मात्र दोष सांगतो. थकलेल्या माणसाच्या वाट्याला यांतला कोणता शब्द यावा, हे त्याच्या नाडीवरून फार क्वचित ठरले. घरधनी थकला की त्याला विश्रांती लागे; गडी थकला की तो कामचुकार ठरे, आणि सून थकली की 'खायला काळ, भुईला भार'.

वैद्यकाच्या इतिहासाची जुनी पुस्तके आणि अहवाल वाचताना माझ्या ध्यानात हळूहळू एक गोष्ट येत गेली. ज्या थकव्याला एका काळाने स्वभाव म्हटले, त्याचे कारण पुढच्या काळाला रक्तात, आतड्यात किंवा गळ्यातल्या एखाद्या ग्रंथीत सापडले. हे एकदा घडलेले नाही. गेल्या साडेचारशे वर्षांत पुन्हा पुन्हा घडले आहे. त्या शोधांपैकी एक तर आपल्या परळमध्ये लागला. या लेखात त्या प्रवासाचे काही टप्पे मांडायचे आहेत. उद्देश केवळ इतिहासाचा नाही. महिनोन् महिने थकलेल्या माणसाने डॉक्टरकडे कधी जावे, या अगदी घरगुती प्रश्नाचे उत्तरही या इतिहासातच आहे, असे मला वाटते.

पांडुरोग आणि 'लग्नाचे औषध'

आपल्या परंपरेत या विषयाचा जुना आधार म्हणजे चरकसंहिता. तिच्या चिकित्सास्थानाचा सोळावा अध्याय पांडुरोगाला वाहिलेला आहे. अंगाचा रंग फिका पडणे, बळ जाणे, चालताना दम लागणे, अन्नावरची वासना उडणे, अशी त्याची लक्षणे सांगितली आहेत. पाच प्रकारांपैकी एक प्रकार माती खाल्ल्याने होतो असे चरक म्हणतो. आजचे वैद्यक हे नाते उलट बाजूनेही पाहते. शरीरात लोह कमी झाले की माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असले काही खाण्याची ओढ लागते. गरोदर बाईला भिंतीचा पोपडा खावासा वाटतो, त्याचे आपण डोहाळे म्हणून कौतुक करतो. पुष्कळदा ती शरीराची लोहाची मागणी असते. पांडुरोगावर लोहभस्माचे आणि मंडुराचे कल्प सांगितलेले आहेत. रक्तात लोह असते हे कळण्याआधी कित्येक शतके वैद्य ते रोग्याला देत होते.

युरोपात हीच लक्षणे तरुण मुलींमध्ये दिसत. फिकट, किंचित हिरवट छटेचा चेहरा, धाप, छातीत धडधड, जिना चढवेना. १५५४ साली योहान्नेस लांगे या जर्मन वैद्याने या आजाराला 'कुमारिकांचा रोग' म्हटले आणि त्यावर उपाय सांगितला : मुलीचे लग्न करून द्या. वाचताना हसू येते, पण ते लगेच मावळते. 'लग्न झाले की होईल ठीक' हे वाक्य आपल्याकडे कोणी ऐकलेले नाही? सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये टॉमस सिडनहॅमने लोखंडाचा कीस मद्यात भिजवून द्यायला सुरुवात केली आणि मुलींच्या गालांवर रंग परतू लागला. १८३२ साली फ्रान्समधल्या पिएर ब्लोने लोहाच्या गोळ्या प्रचारात आणल्या. तरीही पुढची साठ-सत्तर वर्षे या मुलींच्या थकव्याची कारणे त्यांच्या भावुकपणात, कादंबऱ्या वाचण्यात आणि घट्ट कपड्यांत शोधली जात होती. औषध हाताशी होते, पण रोग्याच्या चारित्र्याविषयीची शंका काही जात नव्हती.

प्रौढ माणसाच्या शरीरात सारे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते, म्हणजे एखाद्या लहान खिळ्याएवढे. त्यातले बरेचसे रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असते आणि फुफ्फुसातला प्राणवायू पेशीपेशीपर्यंत पोचवण्याचे काम तेच करते. दर महिन्याच्या पाळीत, बाळंतपणात, अंगावर पाजण्यात बाईच्या शरीरातून या खिळ्याचे कण झिजत जातात. आहारातून ते भरून निघाले नाहीत तर आधी साठा संपतो, मग रक्त फिके पडते. थकवा मात्र साठा संपत आला की तेव्हाच सुरू होऊ शकतो, हिमोग्लोबिनचा आकडा अजून बरा दिसत असताना.

बोगद्यातले मजूर आणि 'आळसाचा जंतू'

१८७२ ते १८८२ या दशकात आल्प्स पर्वताच्या पोटातून सेंट गॉटहार्ड रेल्वे बोगदा खोदला जात होता. त्यावरचे इटालियन मजूर पांढरेफटक पडू लागले, चार पावले चालले की धापा टाकू लागले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत अंकुशकृमीची, म्हणजे हूकवर्मची, अंडी सापडली. हा जंत अँजेलो डुबिनी या मिलानच्या डॉक्टरने १८३८ मध्ये एका मृत शेतकरी स्त्रीच्या आतड्यात प्रथम पाहिला होता. जंत आतड्याला चिकटून रक्त शोषतो. मोठ्या जातीचा एक जंत दिवसाला सुमारे ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पोटात असे शंभर जंत असले तर महिन्याकाठी अर्धा लिटरहून अधिक रक्त जाते.

जंत पोटात शिरतो कुठून, याचा उलगडा कैरोमध्ये झाला. आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या हातावर जंतांच्या अळ्या असलेले पाणी सांडले, त्वचा चुरचुरली, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच विष्ठेत अंडी दिसली. अळ्या कातडीतून शिरतात! उघड्यावरची विष्ठा, ओली माती आणि अनवाणी पाय, एवढे त्रिकूट त्यांना पुरते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गरीब गोऱ्या शेतकऱ्यांची ख्यातीच अशी होती की हे लोक जन्मजात सुस्त, कुंपणाला टेकून दिवस घालवणारे. चार्ल्स स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये त्यांच्यातल्या अंकुशकृमीची वेगळी जात दाखवून दिली. वर्तमानपत्रांनी 'आळसाचा जंतू सापडला' म्हणून त्याची थट्टा उडवली. पुढे १९०९ साली रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर दिले आणि जंतनाशक औषध, शौचकूप व पायताण यांची मोहीम सुरू झाली. पाहणीत दक्षिणेतली सुमारे ४० टक्के माणसे जंतांनी बाधित निघाली. एका संपूर्ण प्रदेशाचा म्हणून सांगितला जाणारा स्वभाव औषधाच्या काही मात्रांनी बदलू लागला. आसामच्या चहामळ्यांत आणि आपल्याकडच्या ओल्या भातखाचरांतही हा जंत होताच. तिथल्या मजुरांना मुकादम काय म्हणत असेल, त्याची नोंद कोणी ठेवली नाही; पण कल्पना करायला फार ताण द्यावा लागत नाही.

परळ, १९२८

आता मुंबईत येऊ. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हाफकिन इन्स्टिट्यूट होती. प्लेगवर लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनी १८९९ मध्ये स्थापन केलेल्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले. भोवती गिरणगाव : लालबाग, परळ, भायखळा, गिरण्यांचे भोंगे आणि एका खोलीत आठ-दहा माणसांची बिऱ्हाडे. या वस्त्यांतल्या गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगाने मरत होत्या. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्या इतक्या निस्त्राण होत की उठून पाणी पिणे जड जाई. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. त्यामुळे नुसत्या लोहाच्या कमतरतेशी त्याचा मेळ बसेना, कारण तिच्यात पेशी लहान होतात.

डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या सूचनेवरून या आजाराचा छडा लावायला १९२८ साली डॉ. लूसी विल्स मुंबईत आल्या. तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून पुढे लंडनच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून १९२० साली डॉक्टर झालेल्या. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडले, हे त्यांच्या काळाच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे.

विल्स यांची कामाची रीत मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आदरणीय वाटते. आधी त्यांनी जंतुसंसर्ग आहे का ते पाहिले. विष्ठा तपासली, जंतू शोधले. तसे कारण हाती लागले नाही. मग त्यांनी बायका काय खातात याची चौकशी केली. गिरणी कामगारांच्या निरनिराळ्या समाजांत आजाराचे प्रमाण सारखे नव्हते. गरीब मुसलमान स्त्रियांत ते अधिक होते आणि त्यांच्या ताटात प्रथिने, फळे, भाज्या फार कमी होत्या. विल्स यांनी तसाच आहार उंदरांना घातला. उंदीर पांडुरोगी झाले, यीस्ट दिल्यावर सुधारलेही. पण पुढे कळले की त्या उंदरांच्या आजारात उवांमधून आलेल्या एका जंतूचाही हात होता. पुरावा डळमळला म्हणून त्या थांबल्या नाहीत. माकडांवर पुन्हा प्रयोग मांडले. त्यांत मार्माइट नावाचा यीस्टचा काळा, चिकट, खारट अर्क देऊन पाहिला. इंग्लंडमध्ये तो पावाला लावून खातात, आणि दारू गाळून उरलेल्या यीस्टपासून होत असल्याने तो स्वस्त. माकड सुधारले. मग हा अर्क रुग्ण स्त्रियांना दिला. काही दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या, भूक लागू लागली, त्या उठून बसू लागल्या. १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विल्स यांचा निबंध छापून आला.

यीस्टमधले नेमके काय काम करते, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्या अज्ञात द्रव्याला पुढे 'विल्स घटक' हे नाव पडले. १९२६ मध्ये मायनो आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी एका दुसऱ्या मारक पांडुरोगावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय शोधला होता, त्यासाठी १९३४ चे नोबेलही त्यांना व्हिपल यांच्यासह मिळाले. पण त्या आजारात गुण देणारा यकृताचा शुद्ध अर्क विल्स यांच्या रुग्णांना उपयोगी पडेना, साधा अशुद्ध अर्क मात्र पडे. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी गाळून जात होते, आणि या बायकांना नेमके तेच हवे होते. मारक वाटणारे दोन आजार वरून सारखे, आतून निराळे निघाले.

ही कहाणी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एका गोष्टीचे नवल वाटले. गिरण्यांचा इतिहास, संपांचा इतिहास, लोकशाहिरांचा इतिहास आपण लिहिला. गिरणगावातल्या ज्या बायकांच्या रक्ताने जगाला एका जीवनसत्त्वाची वाट दाखवली, त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला माहीत नाही. त्या तक्त्यातल्या आकड्यांत आहेत, एवढेच.

पालकाचे पान आणि एक धोक्याची सूचना

१९४१ साली टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून तो घटक वेगळा काढला. पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात, त्यावरून नाव ठेवले फॉलिक ॲसिड. ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या लेडर्ली कंपनीच्या चमूचे संशोधनप्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे दोन भाऊ थोड्या दिवसांच्या अंतराने 'स्प्रू' या आतड्याच्या आजाराने गेले होते आणि ते स्वतःही त्यातून कसेबसे वाचले होते. त्या आजारात अन्नातले सत्त्व अंगी लागत नाही, रक्त फिके पडते, आणि फॉलिक ॲसिड हा त्यावरच्या उपचाराचा भाग ठरला. १९४५ मध्ये त्याच्या कृत्रिम निर्मितीची वार्ता प्रसिद्ध झाली. भावांच्या मृत्यूचे ऋण याहून चांगल्या रीतीने कोणी फेडले असेल असे वाटत नाही.

पण इथेच इतिहासाने एक धडा दिला. नवे औषध स्वस्त आणि गुणकारी, म्हणून ते दुसऱ्या प्रकारच्या पांडुरोग्यांनाही दिले गेले. रक्त सुधारले, चेहरे उजळले. मात्र काही रोग्यांचे पाय बधिर होऊ लागले, तोल जाऊ लागला. त्यांना खरी कमतरता होती ती ब-१२ जीवनसत्त्वाची, जे १९४८ मध्ये हाती आले. फॉलिक ॲसिडने रक्ताचा दोष झाकला आणि आतून मज्जातंतूंची हानी चालूच राहिली. औषधाच्या दुकानातून 'शक्तीची गोळी' आणून महिनोन् महिने खाणाऱ्या प्रत्येकाने ही हकिगत वाचावी असे मला वाटते. थकवा एकच दिसतो. कारणे निरनिराळी असतात, आणि एकाचे औषध दुसऱ्याचे नुकसान लपवू शकते.

ब-१२ चा प्रश्न आपल्या दाराशीच आहे. ते मुख्यतः दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. भाजीपाल्यात जवळजवळ नसते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ६७ टक्क्यांत ब-१२ कमी होते. हातापायांना मुंग्या, जीभ लाल व गुळगुळीत, विसराळूपणा आणि सततचा थकवा ही त्याची चिन्हे असू शकतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते कमी होते.

गळ्यातली ग्रंथी

१८७३ साली लंडनच्या सर विल्यम गल यांनी काही प्रौढ स्त्रियांचे वर्णन केले : चेहरा सुजरा, बोलणे जड, हालचाल मंद, बुद्धीही मंदावलेली. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी त्या आजाराला मिक्सिडिमा हे नाव दिले. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काम करेनाशी झाली की असे होते हे कळल्यावर १८९१ साली जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती पुढे २८ वर्षे जगली, आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज तेच काम रोज सकाळी घ्यायची एक छोटीशी गोळी करते.

गल यांचे ते वर्णन वाचताना मला माझी धाकटी मावशी दिसू लागली. कोकणातल्या मोठ्या कुटुंबातली ती मधली सून. चाळिशीपासूनच तिचे सारे काही सावकाश. वैशाखातही अंगावर शाल, केस गळलेले, आवाज घोगरा, दुपारी बसल्या जागी पेंग. घरात तिचे नाव पडले होते 'हळूबाई'. जाऊबाई म्हणत, सुखाने सुजली आहे. तिला दोनदा टॉनिकच्या बाटल्या मिळाल्या आणि एकदा उपासतापास कमी करण्याचा उपदेश. पन्नाशी उलटल्यावर एका तरुण डॉक्टरणीने तिचा हात हातात घेतला, कातडीचा कोरडेपणा पाहिला आणि रक्तातली टीएसएच तपासायला सांगितली. तीन-चार महिन्यांत मावशी पुन्हा पहाटे उठून परसात फिरू लागली. तेव्हा ती म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, माझा स्वभावच असा आहे." या वाक्यात मला या लेखाचा सगळा विषय सापडतो. लोकांनी दिलेले नाव माणूस शेवटी स्वतःच स्वीकारतो.

संध्याकाळची कणकण, आणि मनाचा शीण

सगळ्याच कहाण्या अशा सुखान्त नाहीत. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेला जाण्यापूर्वीच अशक्तपणा, डोकेदुखी आणि मधूनमधून येणारा ताप यांनी त्रस्त होत्या. मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जगासमोर मांडला होता, पण त्यावर औषध यायला आणखी साठ वर्षे होती. आज ते औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरीही संध्याकाळची कणकण, उतरणारे वजन आणि लांबलेला खोकला अंगावर काढणारी माणसे आपल्या ओळखीत असतात.

एकोणिसाव्या शतकात, १८६९ मध्ये, जॉर्ज बिअर्ड या अमेरिकन डॉक्टरने सततच्या थकव्याला 'न्यूरॅस्थेनिया' म्हटले : नसांची शक्ती संपणे. सुखवस्तू स्त्रियांना त्यावर सक्तीची विश्रांती दिली जाई. वाचू नका, लिहू नका, पडून राहा. शार्लट पर्किन्स गिलमन यांना हा उपचार १८८७ मध्ये मिळाला आणि त्या वेडाच्या काठापर्यंत गेल्या. त्यातूनच १८९२ ची 'द यलो वॉलपेपर' ही कथा आली. मनाचा आजार आणि शरीराचा थकवा यांचे नाते खरे आहे. नैराश्यात सकाळी अंथरुणातून उठणे डोंगराएवढे होते. पण 'मनाचे आहे' म्हणजे 'खोटे आहे' असा अर्थ काढणे ही जुनीच चूक. नैराश्य हाही उपचार होणारा आजार आहे. आणि सगळ्या चाचण्या ठीक येऊनही महिनोन् महिने टिकणारा, थोड्या श्रमाने वाढणारा थकवा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्येच त्याला आजारांच्या यादीत जागा दिली. कोविडनंतर तो कितीतरी घरांत पोचला आहे.

मग डॉक्टरकडे कधी जायचे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची राष्ट्रीय योजना १९७० पासून आहे. म्हणजे सिडनहॅमचे लोह आणि परळचा 'विल्स घटक' एकाच गोळीत गावोगावच्या आरोग्यसेविकेच्या पिशवीत असतात. तरी निम्म्याहून अधिक बायका थकलेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींना वाटते की बाईला थकवा असायचाच.

म्हणून या इतिहासातून निघणारा व्यवहार सरळ मांडतो. जागरण, प्रवास, लग्नघर, परीक्षा यांचा शीण पुरेशा झोपेने आणि जेवणाने उतरतो. पुरेशी विश्रांती घेऊनही थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल, किंवा नेहमीची कामे जमेनाशी झाली असतील, तर डॉक्टरकडे जावे. पुढील गोष्टी सोबत असतील तर तेवढेही थांबू नये : न ठरवता वजन उतरणे, संध्याकाळचा ताप किंवा रात्रीचा घाम, दोन आठवड्यांहून अधिक खोकला, फार तहान व वारंवार लघवी, पाळीत अतिरक्तस्राव, डांबरासारखी काळी शौच, पायांवर सूज, थोड्या चढाला धाप. लोहाची गोळी चालू असताना शौच काळपट होते, ते वेगळे. घोरण्यात मध्येच श्वास अडकत असेल आणि दिवसा वाहन चालवताना डुलकी लागत असेल, तर तीही झोपेच्या आजाराची खूण आहे. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, शुद्ध हरपणे, किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येणे, यांत तासही दवडू नये.

डॉक्टर बहुधा साध्या तपासण्यांनी सुरुवात करतात : रक्तातील पेशींची मोजणी, लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन, साखर, टीएसएच, ब-१२, मूत्रपिंड आणि यकृताचे काम. आपण घेत असलेल्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी, कारण काही औषधांनीही थकवा येतो. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या, गरोदर स्त्रीचे ११ च्या आणि पुरुषाचे १३ च्या खाली असले तर तो रक्तक्षय. पण आकडा कळल्यावर काम संपत नाही. रक्त कमी का झाले, हे विचारायलाच हवे. पन्नाशीपुढच्या पुरुषाचे रक्त कमी असेल तर ते पोटात कुठे झिरपते आहे का, याचा शोध घ्यावा लागतो. कधी तो आतड्याच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह शोषले जात नाही. लिंबाने शोषण वाढते. आणि बरे वाटले म्हणून गोळी लगेच बंद करू नये, कारण साठा भरायला काही महिने लागतात.

लांगे यांना मुलीचा चेहरा दिसला आणि त्यांनी लग्न सुचवले. मुकादमाला बसलेला मजूर दिसला आणि त्याने आळशी म्हटले. लूसी विल्स यांना थकलेली बाई दिसली आणि त्यांनी विचारले, ही जेवते काय? या तिघांच्या हातात साधने काय होती हा प्रश्न दुय्यम आहे. सूक्ष्मदर्शकाची गरज तर पहिल्या प्रश्नाला लागतच नाही. तो प्रश्न आपल्यालाही विचारता येतो. दिवाळीच्या आठवड्यात फराळाचे डबे भरून, सगळ्यांना वाढून जी शेवटी भिंतीला टेकून बसते, तिला "दमलीस का?" एवढेच विचारून थांबू नये. "किती दिवसांपासून?" हेही विचारावे.